वाचकांचे प्रश्न : जुन्या कलावंताची मुलाखत घेताना

प्रश्न : आमच्या गावात एक मास्तर आहेत. जवळजवळ ४० वर्षं ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवला, सीझनमध्ये झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांनाही साथ केली. शाळेच्या स्मरणिकेसाठी त्यांच्याशी तासभर बोलले, पण "रसिकांनी भरभरून प्रेम दिलं, देवाची कृपा" यापलीकडे हाती काही लागलं नाही. परत जायचं आहे. काय विचारू?
— एक शिक्षिका, ता. ब्रह्मपुरी

उत्तर : "तुमचा प्रवास कसा झाला?" असं विचारलं की सत्काराच्या भाषणातलं उत्तर येतं, कारण हा प्रश्न त्यांना प्रत्येक सत्कारात विचारलेला असतो. त्यांना कामाचं विचारा. गाणाऱ्या बाईंची पट्टी काळी पाच आणि बुवांची काळी एक, तर द्वंद्वगीत कोणत्या पट्टीत बसवायचे? कॅसिओवर ट्रान्सपोजचं बटण वापरायचे की हातानेच पट्टी बदलायचे? व्होल्टेज पडलं की काय व्हायचं, जनरेटर कुणाचा असायचा, डिझेल कोण भरायचं? नवं सिनेमाचं गाणं आलं की कशावरून बसवायचे, रेडिओवरून की कॅसेटवरून, आणि मधलं म्युझिक कोण लिहून घ्यायचं? नाटक रात्री दहाच्या सुमारास उभं राहून उजाडेपर्यंत चालायचं, तर पहाटे बोटं आखडू नयेत म्हणून काय करायचे?

मग पैशाचं विचारा, लाजू नका. तारीख कोण ठरवायचं, विसार किती, बिदागीचे वाटे कसे पडायचे, पाऊस येऊन कार्यक्रम मोडला तर गाडीभाडं कुणाच्या अंगावर? गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भाऊबीजेपासून सुरू होतात. त्या दिवसांत एकाच रात्रीच्या दोन तारखा आल्या तर कुणाला हो म्हणायचे आणि कुणाला नाही, या एका प्रश्नातून माणसाचा स्वभाव आणि धंद्याची रीत दोन्ही कळतात. धान कापणीच्या वेळी शेतात कोण राबायचं, हे मात्र मास्तरांच्या घरच्या काकूंना विचारा. घरच्या माणसांची आठवण बहुतेकदा मास्तरांपेक्षा पक्की असते. फक्त त्यांच्याशी वेगळं बसून बोला. दोघं शेजारी बसले की एक बोलतो आणि दुसरा दुरुस्त करत राहतो.

दोनदा जा. पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग करू नका, अर्धा तास फोटो आणि पत्रकं बघा, नावं लिहून घ्या. दुसरी भेट सकाळी ठेवा, चहा-नाश्ता आणि औषधं झाल्यावर, सव्वा तासापेक्षा जास्त नको. पेटी किंवा कीबोर्ड त्यांच्या हाताशी ठेवा. हात सुरांवर पडला की तोंडाने न आठवलेलं गाणं येतं, आणि त्याच्यामागोमाग ते कुठे वाजवलं तेही येतं. उत्तर संपलंसं वाटलं की मनात सात आकडे मोजा, मगच पुढचा प्रश्न. खरं सांगायचं ते पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येतं. "हो हो", "अरे वा" म्हणू नका, नुसती मान हलवा. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा होकार त्यांच्या शब्दावर चढतो आणि तो भाग वाया जातो.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत कार्यक्रमांची जुनी पत्रकं आहेत. त्यांवर वार आणि तारीख आहे, पण साल नाही. त्यांनाही आठवत नाही. साल कसं काढायचं?
— एक वाचक, ता. आरमोरी

उत्तर : तीन आधार घ्या : वार, जिल्हा, तिथी.

समजा पत्रकावर "शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर" आहे. तो वार त्या तारखेला १९७५, १९८०, १९८६, १९९७ आणि २००३ या सालांत येतो. आता खाली गावाचा पत्ता बघा. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. "जि. गडचिरोली" छापलं असेल तर पहिली दोन सालं गळाली. उरलेल्यांत तिथी कामी येते : सोबत "कार्तिक पौर्णिमा" असेल तर साल १९९७. हेच गोंदियाचं. तो जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून निघाला. मात्र "जि. भंडारा" दिसलं म्हणून पत्रक त्याआधीचंच, असं धरू नका. छापखान्यात जुना मजकूर पुढेही चालत राहतो. नवं नाव पक्का पुरावा, जुनं नाव कच्चा.

वडिलांना साल विचारू नका. त्यांना विचारा : आणीबाणीच्या आधी की नंतर, घरी लाईट आली होती का, मोठी बहीण लग्नाची होती का? काटोल, नरखेड, वरुडकडचे कार्यक्रम असतील तर मोवाडच्या पुराच्या अलीकडे की पलीकडे, हे त्या भागातला माणूस लगेच सांगतो. तो पूर ३० जुलै १९९१ चा.

प्रश्न : आमचं घर टिनाचं. मोबाइलवर मुलाखत रेकॉर्ड केली तर विहिरीतून बोलल्यासारखी येते आणि पंख्याची घरघर वेगळीच.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. उमरखेड

उत्तर : आवाज घुमतो तो टिनामुळे आणि उघड्या भिंतींमुळे. धान्याची पोती, गाद्या ठेवलेली खोली निवडा. नसेल तर बोलणाऱ्याच्या मागे आणि समोर दोरीवर दोन गोधड्या टांगा. ऊन चढलं की टिन तडतडतं, म्हणून सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी. पंखा, कूलर, फ्रिज बंद करा. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला पंख्याशिवाय बसवणं योग्य नाही, तेव्हा वीस मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं पंखा लावायचा.

फोन विमान मोडवर टाका आणि घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवा. लाकडी टेबलावर ठेवला तर बोट आपटलेलंही येतं. कॉलरचा माइक ओठांपासून एक वीत खाली लावा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवली तर तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, ती आधी मोकळी करा. बोलताना आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. माणूस गायला लागला की आवाज एकदम चढतो आणि फाटतो. म्हणून आधी एक कडवं मोठ्याने म्हणायला लावून लेव्हल धरा. पेटी वाजणार असेल तर फोन तीन फुटांवर न्या, नाहीतर सुरांआधी पट्ट्यांची खटखट येते. शेवटी कुणी न बोलता खोलीचा तीस सेकंदांचा आवाज घ्या. काटछाट करताना तो जोडायला लागतो.

प्रश्न : त्यांच्या गाण्यांच्या दोन कॅसेट मिळाल्या. लावल्या तर आवाज दबलेला येतो. खराब झाल्या का?
— एक वाचक, ता. देवळी

उत्तर : लगेच तसं समजू नका. आधी कॅसेट न लावता फिती बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, प्लेअरचं हेड (फीत वाचणारा भाग) खराब होईल आणि ती दुसऱ्या कॅसेटला लागेल. बुरशी नसेल तर मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात.

दबलेल्या आवाजाची कारणं तीन. हेड घाण असेल तर कानकाडीला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि रबरी रोलर पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, रबर खातं. दुसरं, फितीमागची छोटी नमद्याची गादी गळून पडली असेल. ती बुडाशी दिसते. अशा वेळी स्क्रूवाली जुनी कॅसेट घेऊन दोन्ही रिळं तिच्या खोक्यात घाला. तिसरं कारण सर्वांत जास्त आढळतं : ज्या यंत्रावर भरली त्याच्या आणि तुमच्या प्लेअरच्या हेडचा कोन जुळत नाही. हेडशेजारी स्प्रिंगवाला स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, फिरवा आणि "स", "श" कानावर नीट येतात तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० च्या कॅसेटपेक्षा पातळ असते, गुंतते लवकर. ती पुनःपुन्हा मागेपुढे करू नका. उतरवून घेताना हेडफोनच्या भोकातून वायरने घ्या, स्पीकरसमोर मोबाइल धरू नका.

प्रश्न : मुलाखतीसोबत त्यांची गाणी छापली, किंवा कॅसेटमधलं गाणं ऐकवलं, तर चालेल का?
— वरील वाचक

उत्तर : शब्द त्यांचे असतील तर एका कागदावर लिहून सही घ्या : कोणती गाणी, कुठे छापणार, मानधन किती. कॅसेट कुणा कंपनीने काढली असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो आणि तो बहुधा कंपनीकडे असतो, मास्तरांकडे नाही. आपल्याकडची कितीतरी गाणी सिनेमाच्या चालीवर बांधलेली आहेत. तिथे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची. छापायला शब्दांच्या धन्याची संमती पुरते, ऐकवायला नाही. सोपा मार्ग असा की त्यांच्याच शब्दांचं, त्यांच्याच चालीचं गाणं आज घरी बसून गाऊन घ्या, आणि त्याचीही सही त्याच कागदावर घ्या.