शटर अर्धं खाली आलं की टिप्या पलंगाखाली

"ताई, कुत्रा घरी अगदी गरीब आहे हो. लेकरं अंगावर लोळतात त्याच्या. पण दवाखान्याच्या दारात गेलं की तो आमचा राहतच नाही."

कुत्र्या-मांजरांची दवाखान्याची भीती घालवायचं माझं काम, त्यामुळे मृगाच्या आगेमागे, लसीची तारीख उलटून गेल्यावर, हे बोलणं थोड्याफार फरकानं कानावर येतंच. कधी लातुरातून, कधी अंबाजोगाईहून, कधी नांदेडहून. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "म्हणून आता न्यायचंच बंद केलंय." खरी काळजी या दुसऱ्या वाक्याची. दवाखान्यात न नेलेल्या कुत्र्याची रेबीजची लस चुकते. गोचिडांमुळे ताप आला तर रक्त तपासणं लांबत जातं. मग नाइलाजानं उचलून न्यायची वेळ येते तेव्हा ते जनावर आधीच दुखण्यात असतं आणि भीतीवर वेदनेची भर पडते.

यातलं बहुतेक सगळं एका घरातून नीट दिसलं. नावं बदलून सांगते. मधुकररावांचं कापडाचं दुकान गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर आहे. पुढे दुकान, मागे घर. टिप्या चार वर्षांचा, बावीस किलोचा, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. वर्षाचा असताना त्याला एका दवाखान्यात चौघांनी टेबलावर दाबून, तोंडाला पट्टी बांधून सुई दिली होती. त्यानंतरच्या दोन्ही खेपांना तो गुरगुरला आणि दोन्ही वेळा त्याला दरडावलं गेलं. तिसऱ्या खेपेला त्यानं आवाजही न करता मधुकररावांच्या मनगटाला दात लावले. लस चौदा महिने थकली होती.

पहिल्या भेटीत मधुकरराव कुत्र्याबद्दल कमी आणि मनगटाबद्दल जास्त बोलत होते. म्हणजे जखमेबद्दल नव्हे. जखम त्यांनी लगेच पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुतली होती आणि सरकारी दवाखान्यात जाऊन शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा चारही दिवसांची इंजेक्शनं पुरी केली होती. हे त्यांनी चोख केलं. घरचाच कुत्रा आहे म्हणून अनेकजण हे टाळतात, तसं करू नये. त्यांचा सल वेगळाच होता.

"चार वर्षं जीव लावला. अन् त्यानं मलाच धरलं. म्हणजे त्याचा माझ्यावर भरोसाच नाही."

"दोनदा तो गुरगुरला, तेव्हा काय सांगत होता?"

"राग आला होता त्याला."

"तो सांगत होता, थांबा, मला भीती वाटतीय. दोन्ही वेळा त्याला गप्प बसवलं. तिसऱ्या वेळी त्यानं सांगायचं सोडून दिलं."

मधुकरराव बराच वेळ बोलले नाहीत. गुरगुरण्यावर शिक्षा केली की भीती तशीच राहते, फक्त पूर्वसूचना नाहीशी होते. 'अचानक चावला' म्हणून सांगितलेल्या प्रसंगांत मागे गेलं की असं दाबलेलं गुरगुरणं फार वेळा सापडतं.

त्यापुढच्या भेटीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

"टिप्या घाबरायला लागतो कुठं?"

"टेबल बघितलं की."

"टेबलाच्या आधी?"

"दारातच. ओढावं लागतं."

"दाराच्या आधी?"

"रिक्षात बसवलं की लाळ गळायली असती."

"आणि रिक्षाच्या आधी?"

ते थांबले. उत्तर दिलं ते कोपऱ्यात वही उघडून बसलेल्या दहावीतल्या मुलीनं. मान वर न करता ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही दुपारी शटर अर्धं खाली ओढता ना, तवाच तो पलंगाखाली जातो. रिक्षा यायच्या अर्धा तास आधी."

दुपारी गर्दी नसते म्हणून दवाखान्याला नेहमी दुपारीच जायचं. तेवढ्यापुरतं शटर अर्धं ओढायचं. रात्री ते खाडकन जमिनीपर्यंत जातं, त्याचं टिप्याला काही वाटत नाही. पण अर्ध्यात अडकून थांबलेल्या शटरचा आवाज त्यानं उभ्या आयुष्यात फक्त दवाखान्याच्या दिवशी ऐकला होता. त्यामुळे टेबलापाशी पोचेपर्यंत तो जवळपास तासभर भीत आलेला असायचा: शटर, साखळी, रिक्षाचं इंजिन, औषधांचा वास, परक्या कुत्र्यांचा वास, घसरती फरशी, गार स्टीलचं टेबल. सुई सगळ्यात शेवटी.

इथं माझा कल स्पष्ट सांगते. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. पण जगानं लक्षात ठेवली ती त्याची कुत्री, अन्न येण्याआधी नुसत्या खुणेनं लाळ गाळणारी. भीतीही तशीच खुणेला चिकटते, आणि जशी चिकटते तशीच हळूहळू सुटतेही. म्हणून दवाखान्याची भीती दवाखान्यात सुरू झाली असं मी धरत नाही. घरात पहिली खूण कुठली, ती शोधल्याशिवाय पुढचं काम हातीच घेत नाही. कुणाकडे ती खूण म्हणजे लसीची फाईल ठेवलेली रेक्झिनची पिशवी असते, कुणाकडे कपाटावरून खाली काढलेली मांजराची टोपली. पहिली खूण सापडली की निम्मी लढाई जिंकल्यासारखं मला वाटतं, आणि त्या मुलीनं ती एका वाक्यात सांगितली.

आता काम. रोज शटर अर्धं ओढायचं, आवाज झाला की एका सेकंदात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तीन तुकडे टाकायचे आणि शटर परत वर. कुठंही जायचं नाही. दिवसातून चार वेळा, एकूण पाच मिनिटांचं काम. चिकन बिनमिठाचं, बिनकांद्याचं. कांदा कुत्र्याला विषारी आहे, तसेच मनुकेही.

क्रम इथं फार महत्त्वाचा. आधी खूण, मग खाणं. घरोघरी नेमकं उलटं होतं: चिकन दाखवून पलंगाखालून काढायचं आणि बाहेर आला की साखळी अडकवायची. असं तीन-चारदा झालं की चिकन हीच धोक्याची खूण बनते आणि कुत्रा चिकनकडेही पाठ फिरवतो. टिप्याचं चिकनच्या बाबतीत हे होऊन बसलं होतं, म्हणून पहिला आठवडा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर काढावा लागला.

पुढं किती सरकायचं, हे कॅलेंडर ठरवत नाही. कुत्र्याचं खाणं ठरवतं. तुकडा अलगद ओठानं घेतो, तोवर ठीक. ओरबाडून, बोटाला दात लागेल असा घेतो, किंवा तोंडात घेऊन टाकून देतो, म्हणजे एक पायरी जास्त झाली, मागं यायचं. अगदी खातच नाही, तर त्या दिवशी शिकणं बंद. याशिवाय भूक नसताना नाक चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, फरशीवर उमटलेले ओलसर पंजे (कुत्र्याला तळव्यांना घाम येतो), हात फिरवला की एकदम गळणारे केस. गुरगुरण्याच्या कितीतरी आधी तो हे सांगत असतो.

शटरनंतर साखळी, मग बंद रिक्षात नुसतं बसणं, मग इंजिन सुरू, मग शंभर मीटरची फेरी. चौथ्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन तुकडे खाऊन परत. दोन दिवसांनी आत, फक्त वजनकाट्यावर, आणि परत. अशा सुई नसलेल्या किमान चार-पाच फेऱ्या झाल्याशिवाय सुईची फेरी करू नये. हिशेब साधा आहे: आजवर दवाखान्याच्या दहा फेऱ्यांपैकी दहाही दुखऱ्या होत्या, तो हिशेब बदलायचा आहे.

तोंडाच्या जाळीचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडं कोळपणीला बैलाला मुसकं घालतात आणि तो मुकाट चालतो, म्हणून कुत्र्यालाही ऐनवेळी तोंडाला काहीतरी आवळून बांधायची पद्धत पडली. कापडी किंवा नायलॉनची पट्टी तोंड मिटवून टाकते. कुत्रा अंग गार करतो ते तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, धापा टाकून. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असताना घाबरलेल्या कुत्र्याचं तोंड बांधणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं घ्यावं, ज्यात तोंड पुरतं उघडेल, पाणी पिता येईल, तुकडा आत सरकवता येईल. तळाशी दही लावून समोर धरायचं, नाक त्यानंच आत घालायचं. आज एक सेकंद, उद्या पाच, मग वीस, आणि तो निवांत चाटत राहिला तरच मागचा पट्टा. आठ-दहा दिवस लागतात. चावण्याची एकही नोंद नसलेल्या कुत्र्यालाही हे शिकवून ठेवावं, कारण मोडलेल्या पायानिशी कुठलाही कुत्रा चावू शकतो.

दवाखाना निवडताना इमारत, एसी, पाट्या बघू नका. फोनवर चार गोष्टी विचारा. नंबर येईपर्यंत बाहेर रिक्षात थांबलं तर चालेल का? टेबलाऐवजी जमिनीवर, आमच्याच सतरंजीवर किंवा रबरी मॅटवर तपासाल का? मालकाला जवळ राहू द्याल का? आणि तो फारच घाबरला तर आज थांबून परवा बोलवाल का? चौथ्याला 'हो' म्हणणारा डॉक्टर सोडू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हशी-शेळ्यांची गर्दी असते, पण तिथल्या डॉक्टरांना गर्दी नसलेली वेळ विचारली की बहुधा आनंदानं सांगतात. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेत असाल तर विद्यार्थी सोबत असणारच. खोलीत दोघातिघांपेक्षा जास्त माणसं नकोत, एवढी विनंती आधीच करावी.

हे लाड नाहीत. भीतीनं तपासणीचे आकडेच बदलतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. झटापट केलेल्या कुत्र्याचं ते वर जातं आणि ताप नसताना ताप दिसतो. मांजराची रक्तातली साखर नुसत्या भीतीनं इतकी चढते की मधुमेहाची शंका यावी.

मधुकररावांचा अजून एक प्रश्न होता, आणि तो जवळपास सगळे विचारतात. "त्याला कुरवाळलं की भीती वाढती म्हणतात. खरं का?"

"नाही. भीती ही काही बक्षीस मिळतंय म्हणून केलेली गोष्ट नाही. जवळ घ्या. फक्त आवाज रोजचा ठेवा."

कारण एरवी कधी न काढलेल्या सुरात, घाईघाईनं 'काही नाही, काही नाही' म्हटलं की तीसुद्धा एक खूण होते.

औषधाला कुणी कमीपणा मानू नये. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की नुसत्या सरावानं ती खाली येत नाही. अशा वेळी डॉक्टर भेटीच्या दोनेक तास आधी द्यायला गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोनसारखं औषध देतात. मात्रा वजनावर आणि तब्येतीवर ठरते, ती त्यांनीच ठरवायची, आणि एकदा दवाखान्याला जायचं नसेल अशा दिवशी घरी देऊन बघायची. माणसाचं गॅबापेंटिनचं पातळ औषध परस्पर आणून देऊ नका. त्यात झायलिटॉल नावाची गोडी असू शकते, ती कुत्र्याचा जीव घेऊ शकते. नुसतं ॲसेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध देऊन कुत्रा गळाठला म्हणजे शांत झाला असं नाही. शरीर ढिलं पडतं, भीती आत तशीच असते. रक्तस्राव, धाप, विषबाधा असं काही असेल तर यातल्या कुठल्याही सरावासाठी थांबायचं नाही. लगेच न्यायचं, आणि डॉक्टर भूल देऊन काम करू म्हणाले तर ते त्याच्या भल्याचंच आहे.

मांजरवाल्यांसाठी थोडक्यात. वरचं झाकण निघेल अशी टोपली दोन आठवडे घरात उघडी, आत तिची जुनी चादर घालून ठेवा. वाहनात ती खाली, हलणार नाही अशी ठेवा, वर टॉवेल. दवाखान्यात मात्र जमिनीवर ठेवू नका, बाकावर ठेवा. मानेची कातडी धरून उचलू देऊ नका. तपासणी टोपलीच्या खालच्या अर्ध्या भागातच, टॉवेलखाली होऊ शकते. घरी दुसरं मांजर असेल तर परत आल्यावर काही तास वेगळं ठेवा. औषधांच्या वासानं ते सोबत्यालाच ओळखत नाही आणि मारामारी होते.

टिप्याची लस सहाव्या आठवड्यात झाली. डॉक्टर जमिनीवर, त्याच्या कडेला, पाठमोरे बसले. मुलगी पुढून जाळीत दही लावत राहिली, सुई मागच्या पायाला. सुई लागली तेव्हा चाटणं क्षणभर थांबलं. तिघंही जिथल्या तिथं राहिले. मग जीभ परत दह्याला लागली. त्याच दिवशी रक्त घ्यायचं होतं. डॉक्टरांनी टिप्याकडं पाहिलं, तो जांभया देत होता. ते म्हणाले, "रक्त पुढच्या सोमवारी." मधुकररावांना ते पटेना, एवढं जमलंय तर आजच उरकून घ्यावं असं त्यांना वाटत होतं. मुलगीच म्हणाली, "पप्पा, चला."

सोमवारी रक्त दिलं गेलं. फाईलच्या पहिल्या पानावर आता तिच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे, नवीन डॉक्टर असले तर त्यांनी आधी वाचावा म्हणून: "जमिनीवर तपासा. समोरून वाकू नका. सुई मागच्या पायाला. तोंडाला आम्हीच हात लावू. दही आणलंय. जांभई दिली की दोन मिनिटं थांबा."