वाचकांचे प्रश्न : कृमीचे आयुष्य दुप्पट होते, म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न : प्रयोगशाळेतील एका कृमीचे केवळ एक जनुक बदलल्याने त्याचे आयुष्य दुप्पट झाले, असे वाचले. चयापचय मंदावल्यामुळे तो अधिक जगतो, असे समजावे काय? आणि हे माणसाला लागू पडेल का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. त्याचे जे कारण आपल्याला सुचले, ते शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ पटलेले होते. वात मोठी केली की दिव्यातील तेल लवकर संपते, त्याप्रमाणे वेगाने जगणारा प्राणी लवकर मरतो, असा विचार रेमंड पर्ल यांनी १९२८ मध्ये मांडला होता. या कृमीवरील प्रयोगांनी मात्र तो विचार अपुरा ठरवला आहे, आणि माझ्या मते या संशोधनाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक सूत्रकृमी. आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर वाढवलेले ई. कोलाय जिवाणू हे त्याचे प्रयोगशाळेतील अन्न असून २० अंश सेल्सिअस तापमानाला तो दोन ते तीन आठवडे जगतो. आयुर्मान मोजण्याची रीत साधी, पण चिकाटीची आहे : ठरावीक दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कृमीला प्लॅटिनमच्या बारीक तारेने हलकेच स्पर्श करायचा आणि वारंवार स्पर्श करूनही डोके हलले नाही, तर तो मृत म्हणून नोंदवायचा.

१९९३ मध्ये सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवून दिले की, ‘डॅफ-२’ या जनुकाचे कार्य क्षीण झालेले कृमी नेहमीच्या दुपटीहून अधिक जगतात. त्याचबरोबर ‘डॅफ-१६’ हे दुसरे जनुक निकामी केले, तर हा सारा लाभ नाहीसा होतो, हेही त्यांना आढळले. पुढे १९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने डॅफ-२ ची ओळख पटवली. त्यापासून तयार होणारे प्रथिन हे आपल्या शरीरातील इन्सुलिनचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनाचेच भाईबंद निघाले. ‘अन्न मुबलक आहे, वाढा आणि अंडी घाला’ असा त्या संदेशाचा आशय असतो. संदेश क्षीण झाला की डॅफ-१६ चे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरते आणि अनेक जनुके एकाच वेळी कार्यान्वित करते. त्यांपैकी काही बिघडलेली प्रथिने सावरतात, काही घातक ऑक्सिजन-संयुगे निष्प्रभ करतात, तर काही जंतूंशी लढतात. म्हणजे शरीर मिळालेली ऊर्जा वाढीपेक्षा डागडुजीकडे वळवते.

आता चयापचयाच्या वेगाविषयी. तो मंदावल्याने आयुष्य वाढते, याला आधार देणारी उदाहरणे निश्चितच आहेत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील सिगफ्रीड हेकिमी यांनी अभ्यासलेल्या ‘क्लॉक-१’ या उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, कृमीची वाढ, गिळण्याची गती, शौचाचे चक्र असे सारेच संथ असते आणि तो अधिक जगतो. डॅफ-२ कृमींच्या बाबतीत मात्र वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मोजमापांत एकवाक्यता झाली नाही. काहींना त्यांचा चयापचय मंद आढळला, तर काहींना तो जवळपास नेहमीसारखाच दिसला. निर्णायक ठरला तो २००२ मधील अँड्र्यू डिलिन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. त्यांनी जिवाणूंमार्फत जनुकांचे कार्य दाबणारे विशिष्ट आरएनए रेणू खाऊ घालून कृमींच्या तंतुकणिकांचे, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांचे, कार्य मंद केले. अळी अवस्थेत हे केल्यास कृमी दीर्घायुषी झाले. प्रौढपणी केल्यास त्यांच्या पेशींतील ऊर्जा तितकीच घटली, पण आयुष्य वाढले नाही. ऊर्जा कमी खर्च होणे हेच कारण असते, तर दोन्ही वेळी परिणाम सारखाच दिसायला हवा होता. याउलट, डॅफ-२ चे कार्य केवळ प्रौढपणी मंदावले तरी आयुष्य वाढते. तेव्हा चयापचयाच्या वेगापेक्षा कोणता संदेश शरीराला आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर मिळतो, याला अधिक महत्त्व आहे, असे मानावे लागते.

कमी खाण्याविषयीही पुरावा आहे. ‘ईट-२’ या उत्परिवर्ती कृमीचा घसा मंद गतीने चालत असल्याने त्याला अन्न कमी मिळते आणि तो अधिक जगतो. उलट, नेहमीच्या अन्नात २ टक्के ग्लुकोज मिसळले, तर आयुष्य सुमारे २० टक्क्यांनी घटते. माणसातही डॅफ-१६ चे समकक्ष जनुक आहे आणि त्याच्या एका प्रकाराचा दीर्घायुष्याशी संबंध हवाईतील जपानी वंशाच्या पुरुषांमध्ये २००८ साली प्रथम दिसून आला. मात्र तो परिणाम कृमीतील दुपटीच्या जवळपासही जाणारा नाही. म्हणून या प्रयोगांच्या आधारे कोणी स्वतःच्या आहारात टोकाचे बदल करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : एवढा लाभदायक बदल निसर्गात टिकून का राहिला नाही?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : कारण निसर्गात संतती किती आणि किती लवकर होते, यालाच मोल आहे. डॅफ-२ कृमी आणि सामान्य कृमी एकत्र वाढू दिले असता केवळ चार पिढ्यांत दीर्घायुषी कृमी नामशेष झाले, असे २००४ च्या एका प्रयोगात दिसून आले. तारुण्याच्या आरंभी ते तुलनेने कमी अंडी घालतात. ‘एज-१’ या दुसऱ्या जनुकात बदल झालेल्या कृमींची कथा अधिक बोलकी आहे. भरपूर अन्न असेपर्यंत हे दीर्घायुषी कृमी सामान्यांच्या बरोबरीने टिकले. पण उपासमारीचे फेरे सुरू होताच मागे पडले. निसर्गात अशी उपासमार नित्याचीच असते.

प्रश्न : म्हणजे आयुर्मान पूर्णपणे जनुकांवर ठरते का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. तापमानाचाच विचार करा : १५ अंशांवर हे कृमी अधिक जगतात, २५ अंशांवर कमी. याहून नवलाची बाब अशी की जनुके, अन्न, तापमान असे सर्व काही समान असलेल्या एकाच डिशमधील भावंडांपैकी काही दहाव्या-बाराव्या दिवशी मरतात, तर काही पंचवीस दिवसांच्याही पुढे जातात. २००५ मध्ये थॉमस जॉन्सन यांच्या गटाने उष्णतेचा ताण सोसण्यास मदत करणाऱ्या एका जनुकाच्या नियंत्रकाला चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडले आणि प्रौढपणाच्या पहिल्याच दिवशी कृमींना थोडा वेळ उष्णता दिली. त्यानंतर जे अधिक चमकले, ते सरासरीने अधिक दिवस जगले. जनुके समान असूनही तोच ताण प्रत्येक कृमीने वेगळ्या रीतीने पेलला होता.