दादाच्या तबकड्यांचं काय करू?

प्रश्न : माझा थोरला भाऊ गेल्या वर्षी गेला. एकटाच राहायचा. त्याच्यामागे तीनेकशे एलपी आणि शंभरभर 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. मुलगा म्हणतो, सगळं डिजिटल करून घेऊ आणि मूळ विकून टाकू. मला ती घाई वाटते, पण रोज त्या कपाटाकडे पाहून जीवही दडपतो. दादानं रेकॉर्ड कशाच्या आधारानं लावल्यात तेही उमगत नाही. ना अक्षरांप्रमाणे, ना गायकांप्रमाणे. त्या राखू की सोडू? आणि हो, खालच्या खणात चार-पाच तबकड्यांवर छापील लेबलच नाही, शाईनं काहीतरी खरडलंय. कडेला अॅल्युमिनियमसारखा पत्रा दिसतो, वर पांढरी बुरशी आली आहे. त्या तरी टाकून द्यायला हरकत नाही ना?
— एक बहीण

उत्तर : ताई, जाता जाता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्या चार-पाच टाकू नका. पुसू नका. आणि कुतूहल कितीही वाटलं तरी प्लेअरवर लावू नका.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून त्या कारखान्यात छापलेल्या तबकड्या दिसत नाहीत. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा, म्हणजे एका मऊ रोगणाचा, थर द्यायचा आणि यंत्राच्या टोकानं समोरचा आवाज थेट त्या थरात कोरायचा, अशी ती पद्धत होती. 1930च्या दशकापासून टेप रुळेपर्यंत रेडिओ केंद्रं, स्टुडिओ आणि हौशी माणसं अशा तबकड्या कोरत असत. बाजारातल्या रेकॉर्डच्या हजारो प्रती निघायच्या. अशा कोरलेल्या तबकडीची बहुतेक वेळा दुसरी प्रत कुठेच नसते. तुम्हाला दिसतेय ती बुरशी नसण्याचीही शक्यता मोठी आहे. लॅकर मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि मेणचट पांढऱ्या पुडीसारखं वर बसतं. मग लॅकर आक्रसतं, खालचा पत्रा मात्र आक्रसत नाही, आणि आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखा तो थर तडकून सुटू लागतो. एकदा सुटला की त्यावरचा आवाज गेला. बुरशी समजून कुणी स्पिरिटच्या बोळ्यानं घासली तर तो त्याआधीच जाईल.

माझी नोकरी जुन्या तबकड्यांवरचे आवाज उतरवून घेण्याची होती. अशा तबकडीवर काय निघेल ते लेबलावरून कधीच सांगता यायचं नाही. कधी कुणाच्या आजीनं वाचून दाखवलेलं पत्र निघायचं, कधी कुणाचा रियाज, कधी नुसताच एक माणूस 'एक, दोन, तीन' म्हणत यंत्र तपासताना. तुमच्या नशिबी तिसरा माणूसही असू शकतो, तेव्हा फार आशा धरू नका. पण ते समजेपर्यंत त्या तबकड्या कागदी पाकिटांत, उभ्या, उन्हापासून लांब ठेवा आणि ज्यानं लॅकरचं काम पूर्वी केलंय अशाच माणसाकडे न्या. डिजिटल करण्याचे पैसे कशावर खर्चायचे असतील तर ह्यांच्यावर आधी.

आता कपाटाकडे येऊ. एकही रेकॉर्ड जागची हलवण्यापूर्वी प्रत्येक खणाचे फोटो काढा, कव्हरांच्या कण्यांवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. कव्हरं उघडून आत चिठ्ठ्या, तारखा, कात्रणं आहेत का तेही पाहा. असतील तर ज्या कव्हरात सापडतील त्यातच राहू द्या. तुम्हाला जो गोंधळ वाटतो तो दादांचा क्रम आहे. संग्राहक माणूस वेळेप्रमाणे लावतो, वाद्याप्रमाणे लावतो, ज्या मित्राबरोबर ऐकलं त्याच्याप्रमाणेही लावतो. रेकॉर्ड दुसरीकडे मिळेल, ही रचना मिळणार नाही. अभिलेखागारांतसुद्धा एखाद्याचा संग्रह आला की मूळ क्रम मोडायचा नाही, हा एक मूलभूत नियम असतो. आणि घरच्यांच्या हातून नेमकी हीच गोष्ट पहिल्या दिवशी, आवराआवरीच्या नावाखाली मोडते.

चिरंजीवांचा बेत वाईट नाही, फक्त त्यांनी गणित केलेलं दिसत नाही. एलपी उतरवायची तर ती पूर्ण वाजवावी लागते. दोन्ही बाजू मिळून 40 मिनिटं धरली तरी 300 एलपींचे 200 तास होतात, आणि त्यात धूळ काढणं, बाजू उलटणं, गाणी वेगळी करून नावं देणं आलेलं नाही. एवढं करून हाती येणार ते बहुतांशी आधीच उपलब्ध असलेलं संगीत, वर खरखर. तेव्हा सरसकट नको. दुसरीकडे कुठे मिळत नाही तेवढंच उतरवा, पण नीट उतरवा : 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाइल, आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती.

78च्या तबकड्यांना तर घरच्या एलपी प्लेअरवर लावूच नका, त्यावर तो वेग असला तरीही. त्यांची खाच रुंद असते. एलपीच्या सुईचं टोक साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येचं, 78ला लागतं 75च्या आसपास. बारीक सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात घरंगळत राहते आणि लोक म्हणतात, रेकॉर्ड झिजली. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या वेळी खर्ज किती दाबायचा आणि वरचे सूर किती चढवायचे, ह्याचं प्रमाण 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत कंपनीगणिक वेगळं होतं. ते न सांभाळता उतरवलेली 78 ऐकायची म्हणजे गाणारा नाक दाबून गातोय असं वाटतं. वाईट त्या गाणाऱ्याचं वाटतं.

राहिला तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला गाण्यातलं कळत नाही हे तुम्ही कबुलीजबाबासारखं लिहिलंय. त्यात लपवण्यासारखं काय आहे? दादांनी त्या ऐकण्यासाठी जमवल्या. न ऐकणाऱ्या बहिणीनं त्या जन्मभर पुसत बसावं, ही अट त्यांनी घातली होती का? तुमच्या पत्रात तरी तसं नाही. तुम्ही सोडून दिल्यात तर मी तुमच्या बाजूचा आहे.

पण सगळ्याच सोडू नका. मी माझ्या स्वतःच्या संग्रहाला लावली तीच रीत सांगतो : आधी जागा ठरवा, मग रेकॉर्ड. एक खण घ्या. त्यात मावतील तेवढ्या राहतील. निवड मात्र संगीताच्या जाणकाराला विचारून करू नका, तो त्याच्या आवडीच्या काढेल. जी लागली की तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडायचात, 'दादा, आवाज कमी कर', ती ठेवा. ज्या कव्हरावर त्यांचं अक्षर आहे ते ठेवा, आतली तबकडी चिरलेली असली तरी. माझ्या खणात अशी एक आहे जी मला संगीत म्हणून मुळीच आवडत नाही, आणि ती का ठेवली हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

बाकीच्या देताना एवढं सांभाळा की पहिल्या येणाऱ्याला चाळायला देऊ नका. तो त्यातल्या वीस उचलेल, चांगला भाव देईल, आणि उरलेल्या तुमच्याकडे कायमच्या राहतील, कारण मलई गेल्यावर दुसरा कुणी फिरकत नाही. एकतर एकगठ्ठा द्या, नाहीतर आधी यादी करा. यादीत नावाबरोबर लेबलावरचा क्रमांक घ्या आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांकही. छपाई पहिली की नंतरची, हे बऱ्याचदा त्यावरून ठरतं. फार मोठ्या किमतीची स्वप्नं मुलाला पडू देऊ नका. जे त्या काळी घरोघरी खपलं ते आजही भरपूर सापडतं. दुर्मीळ होतं ते बहुधा तेव्हा पडून राहिलेलं. संस्थेला द्यायचं मनात असेल तर आधी लेखी विचारा : सगळ्या ठेवणार की निवडून, आणि नको असलेल्यांचं काय करणार. साफ उत्तर न देणाऱ्या संस्थेपेक्षा वेडा विद्यार्थी बरा.

उचलताना खोकी लहान घ्या. शंभर एलपी कव्हरांसकट सहज 20 ते 25 किलो भरतात. आणि आडव्या रचू नका. 78 लाखेच्या असतात, ढिगातली खालची तुमच्या देखत दुभंगेल.

प्रश्न : खिडकीपाशी राहून माझी एक एलपी वाकली आहे. जड पुस्तकांखाली ठेवली तर सरळ होईल का?
— एक श्रोता

उत्तर : नुसत्या वजनानं फारसा फरक पडत नाही. ती ऊन लागून मऊ झाली तेव्हा वाकली. आता थंड आणि ताठ आहे. दोन काचांमध्ये दाबून घरी भट्टीत तापवण्याचे प्रयोग लोक करतात. ते करू नका, तबकडी सपाट होते आणि खाचाही सपाट होतात. मोजकी उष्णता आणि दाब सावकाश देणारी खास यंत्रं असतात, त्यांवर बऱ्याच सुधारतात. पण आधी लावून पाहा. सुई उड्या मारत नसेल आणि लांबवलेला सूर हेलकावत नसेल, तर यंत्राचा खर्च कशाला?