बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत (स्तोत्रांच्या पुस्तकात) देवाला ‘सेनाधीश परमेश्वर’ का म्हटलंय? कोणती सेना?

मूळ हिब्रू शब्द ‘त्सेवाओथ’. ‘त्सावा’ म्हणजे सैन्य, त्याचं हे अनेकवचन. (आजच्या इस्राएलच्या लष्कराच्या नावातही हाच ‘त्सावा’ आहे.) म्हणजे शब्दशः ‘सैन्यांचा परमेश्वर’.

आता सैन्य कोणाचं? बायबलच्याच ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकात इस्राएलचा दावीद शत्रूपक्षाच्या गल्याथ या योद्ध्याला सुनावतो, तिथे अर्थ सरळ आहे: इस्राएलच्या सैन्याचा देव. पण हिब्रूत ‘त्सावा’ ग्रहताऱ्यांनाही म्हणतात आणि देवदूतांच्या समुदायालाही. स्तोत्र १४८ मध्ये देवदूत, ‘सेना’, सूर्य, चंद्र आणि तारे सगळ्यांना एकापाठोपाठ स्तुती करायला बोलावलंय. त्यामुळे स्तोत्रांत तरी ‘स्वर्गातलं-पृथ्वीवरचं सगळं बळ ज्याच्या हुकमात आहे तो’ हा अर्थ मला जास्त पटतो. ग्रीक भाषांतरकारांनीही स्तोत्रांत ‘सामर्थ्यांचा प्रभू’ असंच केलं.

शिवाय हे नाव फक्त लढाईतच येतं असंही नाही. स्तोत्र ४६ मध्ये हाच देव धनुष्य मोडतो, भाले तोडतो, लढाया बंद पाडतो. आणि स्तोत्र ८४ तर फारच हळवं आहे: चिमणीला घर मिळालं, पाकोळीला पिलांसाठी घरटं मिळालं, कुठे? तर सेनाधीश परमेश्वराच्या वेदीपाशी!

एक गफलत टाळा. ‘सबाओथ’ हे याच शब्दाचं ग्रीक वळणाचं रूप. त्याचा ‘शब्बाथ’शी, म्हणजे विसाव्याच्या दिवसाशी, काही संबंध नाही.