डिझेलचे पैसे कोणी द्यायचे?

"मॅडम, काहीही बिघडलं की पहिला फोन मला. पण एका रुपयाच्या खर्चावरही माझी सही चालत नाही. मग मी आहे तरी कोण?"

मी समुपदेशक आहे आणि प्रकल्प समन्वयक म्हणून काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडून हा प्रश्न ऐकते. कोणी सामाजिक संस्थेत असतं, कोणी बांधकामाच्या साइटवर, कोणी आयटीत. जबाबदारी डोक्यावर आणि अधिकार दुसऱ्याच्या हातात, ही सगळ्यांची चिंता. इथे सांगतेय ती हकिगत माण तालुक्यात जलसंधारणाचं काम पाहणाऱ्या एका तरुणीची आहे, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती दहिवडीकडून एसटीने साताऱ्याला यायची. तक्रार झोपेची होती. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं. डॉक्टरांकडच्या तपासण्या होऊन सगळं ठीक निघालं होतं. पहिल्याच भेटीत बोलता बोलता तिचा फोन वाजला आणि तिने तो उचलला. मशीनवाला होता. "ताई, डिझेल संपलंय, काय करू?" तिने तिथल्या तिथे स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन पैसे पाठवले आणि मला म्हणाली, "हां, काय म्हणत होते मी?"

मी विचारलं, "डिझेलचं बघणं कोणाकडे आहे?"

"साइट इंजिनिअरकडे. पण तो फोनच उचलत नाही."

"आणि तुम्ही पाठवलेले पैसे?"

"बिल संस्थेच्या नावाने नसतं, म्हणून अकाउंटंट नाकारतो."

मग आम्ही त्या डिझेलचाच माग काढला. बिल नाही म्हणून तो खर्च हिशेबात बसत नाही. मशीनचे तास आणि डिझेल यांचा मेळ लागत नाही, म्हणून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, अडतं. प्रमाणपत्र नाही म्हणून प्रकल्पाला पैसे देणाऱ्या कंपनीकडून पुढचा हप्ता येत नाही. हप्ता नाही म्हणून साइटवर पैसे नसतात आणि डिझेल पुन्हा संपतं. काम थांबू नये म्हणून ती जे करत होती, त्यानेच काम अडत होतं. कागदावर हे पाहिल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घरीही मी असंच करते." ती थोरली. दहावीपासून आईचं आजारपण, धाकट्यांची शाळा, सगळं तिनेच पाहिलेलं. आपण हात काढला की सगळं कोसळेल, हे तिच्या अंगात भिनलं होतं.

समन्वयकाने सगळ्यांची कामं करायची नसतात. ज्याने निर्णय घ्यायचा, त्याच्यापर्यंत अडचण वेळेत, लेखी आणि नेमक्या शब्दांत पोचवायची, आणि उत्तर मिळेपर्यंत तिचा पाठपुरावा करायचा. हे काम छोटं नाही. ग्रामसभेचा ठराव, इंजिनिअरची मोजमापं, संस्थेचा हिशेब, कंपनीचा अहवाल ही चार टोकं एकाच माणसाला एका वेळी दिसतात, तो समन्वयक. पण दिसतंय ते सगळं आपणच उचलायचं, असं मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

मी तिला वहीत चार रकाने आखायला सांगितले: अडचण काय, निर्णय कोणाचा, कधीपर्यंत हवा, मी कोणाला कळवलं. पुढच्या भेटीत वही भरून आली होती आणि "निर्णय कोणाचा" या रकान्यात तिचं स्वतःचं नाव फार थोड्या ठिकाणी होतं.

एका ओळीवर आम्ही जास्त थांबलो. ३१ मार्चपर्यंत पैसे खर्च झाले नाहीत तर ते परत जातील आणि गावकरी आपल्या नावाने खडे फोडतील, ही तिची मोठी भीती. हे तिने कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारलंच नव्हतं. मेल केल्यावर उत्तर आलं: काम चालू असलेल्या, काही वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची उरलेली सीएसआर रक्कम (कंपनीने सामाजिक कामांसाठी द्यायचे पैसे) कंपनीने वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायची असते आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. पैसे त्या खात्यात टाकायची जबाबदारी कंपनीची. जूनचा पाऊस मात्र कोणासाठी थांबत नाही. त्याआधी ओढ्यात पाणी अडवणारा माती नालाबांध पुरा व्हायलाच हवा होता. ती घाई खरी होती, तिला मी हात लावला नाही.

मग वरिष्ठांना करायच्या फोनचा सराव केला. तिच्या पहिल्या वाक्यातच दोनदा "सॉरी सर" आलं. चार-पाच वेळा म्हटल्यावर वाक्य असं झालं: "सर, डिझेलसाठी आगाऊ रक्कम साइटवर ठेवली नाही तर गुरुवारपासून मशीन थांबेल. निर्णय तुमचा आणि अकाउंट्सचा आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगा."

बुधवार गेला, उत्तर आलं नाही. मशीन खरोखरच थांबलं. सरपंचांनी तिला फोनवर बरंच सुनावलं, ती रडली, पण पैसे पाठवले नाहीत. शुक्रवारी दुपारी रक्कम मंजूर झाली.

सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणणार नाही. छोट्या संस्थेत दोन-तीन जणांचं काम एकाच्या गळ्यात पडतंच. तेव्हा ते नेमणूकपत्रात लिहून घ्या आणि त्यासोबत खर्चाची मर्यादाही मागा. लेखी कळवूनही प्रत्येक वेळी खापर तुमच्यावरच फुटत असेल, तर तो दोष तुमच्या स्वभावाचा नाही. तिथून बाहेर पडायचा विचार करायला हरकत नाही.

तिने नोकरी सोडली नाही. एप्रिलमध्ये करार नव्याने झाला तेव्हा दोन ओळी तिने आग्रहाने घालून घेतल्या: साइटच्या खर्चाला मंजुरी प्रकल्प व्यवस्थापक देईल, आणि समन्वयकाने स्वतःच्या खिशातून खर्च करायचा नाही. आधी घातलेले पैसे अजून मिळालेले नाहीत. त्याची एक ओळ तिच्या वहीत आहे, तिसऱ्या रकान्यात जूनअखेरची तारीख टाकून.