मला लोकांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पण आईला वीस वर्षांपूर्वीचा माणूसही ओळखू येतो. असं का? हा आजार आहे का?

मीही तुमच्याच जातकुळीतला. चुलत्यांच्या दहाव्याला गंगाखेडला गोदाकाठी होतो. भावकीतल्या सगळ्यांनी डोक्याचे केस अन् मिशा काढलेल्या. शेजारच्याला विचारलं, "तुम्ही कुठून आलात?" तर तो माझा सख्खा मोठा भाऊ! "येडा झालास का रं?" म्हणाला, तेव्हा आवाजावरून कळलं. इतकी वर्षं मी त्याच्या मिशाच ओळखत होतो म्हणायचं.

मेंदूच्या मागच्या भागात, खालच्या अंगाला, चेहरे पाहताना खास कामाला लागणारी एक जागा असते. बहुतेकांत ती उजवीकडे जास्त जोरात चालते. नाक-डोळे सुटे न पाहता अख्खा चेहरा एका नजरेत टिपला जातो. म्हणून तर उलटा धरलेला फोटो ओळखायला सगळ्यांनाच जड जातं.

डोक्याला मार लागून ही ओळख गेलेल्या रुग्णांबद्दल योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ साली लिहिलं आणि 'प्रोसोपॅग्नोशिया' हे नाव दिलं. आपला प्रकार बहुधा जन्मजात. शंभरात साधारण दोघांना तो असतो असा अंदाज आहे. हुशारीशी त्याचा संबंध नाही. जुळ्यांच्या अभ्यासात चेहरे ओळखण्याच्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला, पण आईचं सगळंच मुलाकडे येतं असं थोडंच आहे? आणि तुमच्या आईसारखे लोकही असतात. २००९ साली संशोधकांनी त्यांना 'सुपर रेकग्नायझर' म्हटलं. लंडनचे पोलीस सीसीटीव्हीतले चेहरे ओळखायला अशी माणसं वापरतात. आमच्या घरात ही कला बायकोकडे आहे. माळेगावच्या यात्रेत लहानपणी बांगड्या भरलेली कासारीण तिने परभणीच्या स्टँडवर ओळखली. मी तर तिथं बायकोलाच शोधत होतो.

एक मात्र बघा. हे अचानक सुरू झालं असेल, तर वाट न बघता मेंदूच्या डॉक्टरांकडे जा.

लग्नात "ओळखलं का?" म्हणत कोणी समोर आलं की मी सरळ सांगतो, "नाही, नाव सांगा." काही जण रागावतात, 'पैसा आला की माणूस ओळख विसरतो' म्हणतात. पैसा कुठला? खताचं दुकान आहे. गिऱ्हाईक मी चालीवरून, खोकल्यावरून, रुमाल बांधायच्या तऱ्हेवरून ओळखतो. एकदा दोन गोण्या युरिया भलत्याच्याच नावावर उधार लिहिला. तेव्हापासून उधारीची वही बायकोकडे आहे.