नगरची आजी रांगेत का उभी राहिली नाही

प्रिय करुणा,

पिंट्याच्या पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या सोहळ्याचे, फोटो पाहिले. रजा मिळाली नाही, जीव तिकडेच लागला होता. तू फोनवर जे विचारलंस ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. नगरची आजी रात्रभर प्रवास करून वसईला आली, मिस्साभर, म्हणजे अख्ख्या उपासनेत, डोळे पुसत होती, आणि सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले तेव्हा ती एकटी बाकावर बसून राहिली. "आपण सगळे ख्रिस्तीच ना, आई?"

हो, सगळे ख्रिस्तीच. आजी रुसलेली नव्हती. कॅथलिक चर्चच्या श्रद्धेप्रमाणे वेदीवरचा प्रसाद म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर. जो तो स्वीकारतो तो बिशप आणि पोप यांच्याशी पूर्ण सहभागात आहे, असा त्याचा अर्थ होतो. आजी प्रोटेस्टंट, ती त्या सहभागात नाही. हा नियम तिला माहीत आहे, त्यामुळे फादरना अवघड वाटू नये म्हणून ती उठलीच नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. तिचा बाप्तिस्मा तुमच्या चर्चला मान्य आहे. म्हणूनच तुझ्या बाबांशी लग्न करताना माझा पुन्हा बाप्तिस्मा झाला नाही. पाणी एक, ताट वेगळं, अशी आपली आजची स्थिती आहे. मला ती बोचते.

आता हे दोन पंथ आपल्या एका घरात आले कुठून? वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि बाबांच्या पूर्वजांकडे कॅथलिक धर्मगुरू आले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, लोकांनी श्रद्धा सोडली नाही. नगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं, ते काँग्रिगेशनल पंथाचं, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघणार. पुण्याला, नागपूरला, जालन्याला स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडिलांच्या हाती कारभार देणारे प्रोटेस्टंट. कोल्हापूरला पुन्हा अमेरिकन, पण प्रेसबिटेरियन. प्रोटेस्टंट मिशनांनी बऱ्याच ठिकाणी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते. म्हणजे आजीच्या आजोबांनी पंथ काही पारखून निवडला नव्हता. गावात जो साहेब पोचला, त्याचा पंथ तो आपला. युरोपातली जुनी भांडणं अशी आपल्या तालुक्यांच्या हद्दींवर येऊन बसली.

ती मिटवायला आपल्याच लोकांनी कंबर कसली, याचा मला फार अभिमान आहे. १९२९ पासून बोलणी चालली होती. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. आजीचं चर्च ते हेच. चाळीस वर्षं का लागली? अँग्लिकनांना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांना, बिशप हवेत, काँग्रिगेशनलांकडे बिशप हा प्रकारच नव्हता. बॅप्टिस्ट म्हणत, माणसाने मोठं होऊन, समजून-उमजून पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा. बाकीचे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालत. शेवटी ठरलं की दोन्ही रीती चालतील. ज्याला जी पटते ती त्याने पाळावी, दुसऱ्याची खोटी म्हणू नये. आपलं सोडायचं नाही आणि दुसऱ्याचं नाकारायचं नाही, हे जमवायला मोठं काळीज लागतं. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेची मंडळी मात्र ऐन वेळी बाहेर राहिली.

पण बाळा, तू आता नववीत आहेस, तेव्हा पुढचंही सांगते. आमचं लग्न ठरलं तेव्हा वसईत माझा पंथ फार कुणी काढला नाही. बाबांच्या एका नातेवाइकांनी एवढंच विचारलं, "नगरचे म्हणजे कोणत्यातले?" त्यांना जात हवी होती. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी सगळे एका वेदीपुढे गुडघे टेकतात, पण सोयरीक जमवताना पुष्कळ घरं अजून आपापल्या समाजातच बघतात. आणि नगरकडचे आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. एकाच बाकावर बसून उपासना करणारी पूर्वाश्रमीची महार आणि मांग कुटुंबं एकमेकांकडे मुलगी द्यायला कचरत, हे मी लहानपणी पाहिलं आहे. सरकारी कागदावर दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीतून निघतो. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात पुढे शीख आणि बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. कागदावरून गेलेली जात लग्नाच्या बैठकीत मात्र हटकून हजर असते. मला विचारशील तर बिशप आणि बाप्तिस्म्याच्या वादापेक्षा ही भिंत जाड आहे, कारण हिच्यासाठी नागपूरसारखी बैठक कुणी बोलावत नाही.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना हे फार आधी कळलं होतं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समूह काढला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले, न झालेले दोघांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले, दरबार वाढला नाही. त्यांची पदं आजीला तोंडपाठ आहेत.

इकडे दुबईत औद मेथाला कॅथलिकांचं सेंट मेरीज आणि अँग्लिकनांचं होली ट्रिनिटी जवळजवळच आहेत. होली ट्रिनिटीच्या आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या पाळीपाळीने भरतात. एका हॉलमधून मल्याळी मंडळी निघते, बाहेर फिलिपिनो मंडळी गिटार घेऊन उभीच असते, आणि जाणारे येणाऱ्यांसाठी खुर्च्या लावून जातात. परमुलखात जागा कमी म्हणून हे सुचलं असेल. तरी मला ते फार आवडतं.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. आजी त्या सुमारास वसईलाच असेल. पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, प्रार्थनासभा ठेवणार का, असं फादरना तू जाऊन विचार. ठेवली तर एक वाचन आजीला द्या म्हणावं. तिथे तिला पंथाची अडचण येणार नाही. आणि सभा झाल्यावर बाबांच्या त्या नातेवाइकांना घरी जेवायला बोलाव, आजीच्या हातचं. मी बाबांशी बोलले आहे, ते हो म्हणालेत.

तुझी,
आई